सशांच्या धमन्यांतून उलगडलेले रहस्य

धमन्या कठीण होणे हा वार्धक्याचा अटळ परिणाम होय, अशी समजूत विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यकविश्वात रूढ होती. या समजुतीला प्रयोगशाळेतील सशांच्या साहाय्याने धक्का देणारे शास्त्रज्ञ म्हणजे निकोलाय अनिचकोव्ह.

अनिचकोव्ह यांचा जन्म ३ नोव्हेंबर १८८५ रोजी रशियाच्या तत्कालीन राजधानीत, सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. तेथील लष्करी वैद्यकीय अकादमीतून १९०९ मध्ये ते पदवीधर झाले. त्याच्या आदल्याच वर्षी याच शहरात इग्नातोव्स्की यांनी सशांना मांस, अंडी व दूध खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत विकृती निर्माण केली होती. मात्र त्याचे खापर त्यांनी प्रथिनांवर फोडले. खरा अपराधी कोण, हा प्रश्न तसाच राहिला.

अनिचकोव्ह आणि त्यांचे सहकारी सेम्योन खालातोव्ह यांनी आहारातील एकच घटक वेगळा काढला. सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल त्यांनी सशांना दिले. महाधमनीच्या आतील अस्तरात चरबीचे थर साचले; सूक्ष्मदर्शकाखाली चरबीच्या कणांनी फुगलेल्या पेशी दिसल्या. हे निष्कर्ष १९१३ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले. फ्रायबुर्ग येथे लुडविग आशोफ यांच्या हाताखाली काम करून अनिचकोव्ह मायदेशी परतले, तोच पहिले महायुद्ध पेटले.

पुढे लेनिनग्राडमध्ये त्यांनी हे संशोधन अनेक वर्षे चालू ठेवले. कोलेस्टेरॉलखेरीज रक्तदाब आणि धमनीच्या भिंतीची स्थिती यांचाही या विकारात वाटा असतो, असे त्यांचे मत होते. १९४६ ते १९५३ या काळात ते सोव्हिएत वैद्यकीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. एवढा मान मिळूनही त्यांच्या मूळ सिद्धांताकडे पाश्चात्त्य देशांत बराच काळ दुर्लक्ष झाले. कारण उंदीर आणि कुत्र्यांवर तोच प्रयोग फसला. हे प्राणी जादा कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत सहज रूपांतर करतात. शाकाहारी सशाला ते साधत नाही. मग सशावरून माणसाविषयी काय ठरवायचे, हा आक्षेप रास्तच होता. १९५० मध्ये अमेरिकेत जॉन गॉफमन यांनी सशांच्या व माणसांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलवाहक कणांचा अभ्यास प्रसिद्ध केल्यावर या प्रश्नाला नवी दिशा मिळाली.

याच वाटेवर नर-मादी भेदाचा प्रश्न उभा राहिला. शिकागोच्या मायकेल रीज रुग्णालयात लुई कॅट्झ, जेरेमाया स्टॅमलर व रूथ पिक यांनी कोंबडीच्या नर पिलांना कोलेस्टेरॉलयुक्त खाद्य दिले. त्यांपैकी काहींना इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरकही दिले. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चकित करणारा होता. या पिलांच्या महाधमनीत थर साचले, पण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या बचावल्या. रजोनिवृत्तीपूर्वी स्त्रियांना हृदयविकार कमी का होतो, याचे उत्तर जणू हाती आले.

परंतु पिलांचा न्याय माणसांना लागू पडला नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेन दिले गेले. लाभाऐवजी अपायाची चिन्हे दिसल्याने जादा मात्रेचा उपचार १९७० मध्ये आणि कमी मात्रेचा १९७३ मध्ये थांबवावा लागला. रजोनिवृत्त स्त्रियांवरील मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र देणेही २००२ मध्ये बंद करण्यात आले. जनुकीय बदल केलेल्या उंदरांवरील अनेक प्रयोगांत तर माद्यांच्याच धमन्यांत अधिक थर आढळतात. प्राण्याची जात, लिंग, वय आणि आहार या चौघांचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे, हे त्यातून दिसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून प्राण्यांवरील संशोधनात लिंगभेदाचा विचार करण्याची अपेक्षा ठेवली.

अनिचकोव्ह यांचे ७ डिसेंबर १९६४ रोजी लेनिनग्राड येथे निधन झाले. ज्या विकाराचे मूळ शोधण्यात त्यांचे आयुष्य गेले, त्याच हृदयविकाराने त्यांचा घास घेतला. आज रक्ततपासणीच्या अहवालात कोलेस्टेरॉलचा आकडा पाहून रुग्णाला वेळीच सावध करता येते. त्या आकड्याला अर्थ मिळवून देणाऱ्यांत सेंट पीटर्सबर्गमधील ते ससे आणि त्यांच्याकडे बारकाईने पाहणारा हा शास्त्रज्ञ यांचे स्थान अग्रभागी आहे.