द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर १९१० – ९ डिसेंबर १९४२) हे सोलापूर येथे जन्मलेले शल्यचिकित्सक व वैद्यकाचे अध्यापक होते. चीनमध्ये ते के दीहुआ या नावाने ओळखले जातात.

कोटणीसांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक तेथे पाठविले. पथकाचे प्रमुख डॉ. अटल होते, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि कोटणीस हे इतर सदस्य. चीनमध्ये असताना वडिलांच्या निधनाची वार्ता येऊनही कोटणीस परतले नाहीत.

चीनमधील कार्य

१९३९ मध्ये ते येनानला व तेथून उत्तरेकडील आघाडीवर गेले. कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथून यांचे कार्यक्षेत्र हेच होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन बेथून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मरण पावले. १९४१ मध्ये कोटणीस बेथून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले.

रणांगणावरील शस्त्रक्रियांमुळे कोटणीस प्रसिद्ध आहेत. त्यांचे अध्यापन मात्र काहीसे दुर्लक्षित राहिले. औषधांचा व उपकरणांचा तुटवडा असलेल्या या डोंगराळ प्रदेशात बाहेरून डॉक्टर येण्याची शक्यता फारच कमी होती, त्यामुळे स्थानिक तरुणांनाच शिकवून तयार करणे भाग होते. त्यासाठी ते चिनी भाषा शिकले, तिच्यातूनच व्याख्याने देऊ लागले आणि विद्यार्थ्यांसाठी शल्यविद्येचे पाठ्यलेखनही त्यांनी केले. त्यातील काही भाग त्यांच्या मृत्यूमुळे अपुरा राहिला.

१९४१ मध्ये त्यांनी परिचर्येच्या अध्यापिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव यिनहुआ ठेवले. त्यातील 'यिन' म्हणजे भारत व 'हुआ' म्हणजे चीन. मूल चार महिन्यांचेही झाले नव्हते, तोच अपस्माराच्या झटक्यांनी वयाच्या ३२ व्या वर्षी कोटणीसांचे निधन झाले.

स्मृती

व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला व कोटणीसांची भूमिका स्वतः केली. त्यात प्लेगच्या साथीशी दिलेल्या झुंजीला मोठे स्थान आहे. अध्यापनाचे रोजचे काम पडद्यावर तितके उठून दिसणारे नव्हते. सोलापुरातील त्यांच्या घराचे आता स्मारक करण्यात आले असून चीनमध्ये शिचियाचुआंग येथील हुतात्मा दफनभूमीत त्यांची समाधी आहे.