विश्लेषण : छातीचा आवाज ऐकून आजार कसा कळतो? स्टेथोस्कोपचे जनक लेनेक यांची कहाणी

डॉक्टर पाठीला स्टेथोस्कोप लावून दीर्घ श्वास घ्यायला सांगतात, तेव्हा ते नेमके काय ऐकतात? याचे उत्तर रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरने दोनशे वर्षांपूर्वी शोधले. ज्या क्षयाचे निदान त्यांनी जगाला शिकवले, त्याच क्षयाने वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचा बळी घेतला.

लेनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी ब्रिटनी प्रांतातील कँपेर येथे झाला. आई लहानपणीच गेली. नांत शहरात डॉक्टर असलेल्या काकांनी त्यांना वाढवले. १८०१ मध्ये ते पॅरिसला आले आणि नेपोलियनचे वैद्य कॉर्व्हिसार यांचे विद्यार्थी झाले.

तेव्हा निदान कसे होत असे?

नाडी, जीभ आणि रुग्णाने सांगितलेली लक्षणे, एवढाच आधार. कलिंगड घेताना टिचकी मारून पाहतात, तशी छातीवर बोटे मारून आवाज ऐकण्याची पद्धत व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर यांनी शोधली होती, पण ती दुर्लक्षितच राहिली होती. कॉर्व्हिसार यांनी तिला पुन्हा प्रतिष्ठा दिली. छातीला थेट कान लावणे हाही एक मार्ग होता, मात्र तो अवघडलेपणाचा.

१८१६ मध्ये नेमके काय घडले?

हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी तपासणीसाठी आली. शरीर स्थूल, त्यामुळे बोटांनी काही कळेना. कान लावणे अशोभनीय. लाकडी ओंडक्याच्या एका टोकाला टाचणीने खरवडले की दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येते, हा मुलांचा खेळ लेनेक यांना आठवला. त्यांनी कागदांची घट्ट गुंडाळी करून एक टोक तिच्या छातीवर ठेवले. हृदयाचे ठोके थेट कान लावून ऐकू येत, त्यापेक्षा स्पष्ट आले. पुढे त्यांनी सुमारे एक फूट लांबीची लाकडी नळी स्वतः लेथवर घडवली.

पण नळी हा शोधाचा सोपा भाग. ऐकू येणाऱ्या आवाजाचा अर्थ काय, हा खरा प्रश्न होता. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात लेनेक रुग्णाच्या छातीतला प्रत्येक आवाज टिपून ठेवत. रुग्ण दगावला की शवविच्छेदन करून त्या जागी काय बिघडले आहे ते पाहत. न्यूमोनियात फुप्फुसातील हवेच्या पिशव्यांत द्रव साचतो, म्हणून बारीक चरचर येते. फुप्फुसाभोवती पाणी साचले तर श्वासाचा आवाज क्षीण होतो किंवा नाहीसा होतो. क्षयाने पोकळी पडली असेल, तर रुग्णाचे बोलणे जणू छातीतूनच थेट नळीत येते. आजही वैद्यकीय विद्यार्थी छाती तपासायला शिकतात ते याच रीतीने : आधी आवाज, मग त्यामागचा बिघाड.

हे सारे १८१९ मध्ये दोन खंडांच्या ग्रंथात आले. यकृताच्या ‘सिरॉसिस’ला हे नावही लेनेक यांनीच दिले, त्याच्या पिवळसर रंगावरून.

त्यांचे सगळेच बरोबर होते का?

नाही. हृदयाचा दुसरा ठोका वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाने होतो, असे त्यांना वाटे. तो खरे तर झडपा बंद होण्याचा आवाज. मात्र वेगवेगळ्या अवयवांत दिसणाऱ्या क्षयाच्या गाठी एकाच आजाराच्या आहेत, हे त्यांचे म्हणणे टिकले. १८८२ मध्ये कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला, तेव्हा त्यावर शिक्कामोर्तब झाले. सूक्ष्मदर्शकाच्या मदतीशिवाय, केवळ कान आणि शवविच्छेदन यांवर काढलेला हा निष्कर्ष थक्क करणारा आहे.

१८२६ मध्ये ग्रंथाची सुधारित आवृत्ती पूर्ण करताना त्यांची प्रकृती ढासळली. खोकला, ताप, खंगत चाललेले शरीर. ते ब्रिटनीला परतले. नात्यातला तरुण डॉक्टर मेरिआडेक याला त्यांनी आपली छाती तपासून काय ऐकू येते ते सांगायला लावले, असे म्हणतात. त्याने वर्णन केलेला आवाज लेनेक यांना चांगलाच ठाऊक होता. १३ ऑगस्ट १८२६ रोजी त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रात त्यांनी आपले घड्याळ, अंगठी आणि स्टेथोस्कोप मेरिआडेकला दिला होता.