मेहनतीचे मोल मागणारी अभिनेत्री

मुलांनो, तुम्ही सगळेच सिनेमे पाहता. वर्गात सिनेमाचा विषय निघाला, की मागच्या बाकावरची गप्प मुलेही बोलू लागतात. दरवर्षी कोणी ना कोणी हळूच विचारतेच, की सिनेमात जायचे असेल तर काय करावे लागते? या प्रश्नाचे उत्तर खर्ड्याच्या शिक्षकाजवळ कुठून असणार? पूर्वी जत्रेच्या दिवसांत आमच्या भागात तंबूतला सिनेमा येई. तेवढीच आमची त्या दुनियेशी ओळख! परंतु नेमक्या याच प्रश्नावर एका प्रसिद्ध अभिनेत्रीने १९४० साली मराठीत एक पुस्तक लिहिले. पुस्तकाचे नावच होते ‘जाऊ मी सिनेमात?’ त्या अभिनेत्रीचे नाव शांता आपटे.

शांताबाईंचा जन्म १९१६ साली दुधनी या गावी झाला. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हे गाव आहे. तिथल्या बाजारात मराठी, कानडी आणि उर्दू अशा तिन्ही भाषा कानांवर पडतात. शांताबाईंचे वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते. मुलीचा आवाज गोड होता, म्हणून तिला पंढरपूरच्या संगीत विद्यालयात गाणे शिकायला पाठवले. पुढे पुण्यात गणेशोत्सवात ती भजने गाऊ लागली.

१९३१ साली भारतात बोलपट सुरू झाले. तोवर पडद्यावरची माणसे मुकी होती. आता ती बोलू आणि गाऊ लागली, त्यामुळे गाता येणाऱ्या मुलामुलींचा शोध सुरू झाला. त्या काळी एकाने तोंड हलवायचे आणि दुसऱ्याने गायचे, अशी पद्धत रुळलेली नव्हती. जो नट, तोच गायक. भालजी पेंढारकरांनी १९३२ साली ‘श्यामसुंदर’ या चित्रपटात शांताबाईंना राधेचे काम दिले. तेव्हा त्या जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या.

त्यानंतर त्या पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत आल्या. ही कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली होती आणि १९३३ साली पुण्याला आली होती. व्ही. शांताराम हे तिचे एक मालक व दिग्दर्शक. त्यांच्या ‘अमृतमंथन’ (१९३४) या चित्रपटात शांताबाईंनी नायकाच्या बहिणीचे काम केले. काम दुय्यम होते, पण लोकांच्या लक्षात त्यांची गाणी राहिली. गाताना पुतळ्यासारखे उभे राहायचे, अशी तेव्हाची रीत होती. शांताबाई मात्र डोळ्यांनी, हातांनी, सगळ्या चेहऱ्याने गात. गाणे हा संवादाचाच भाग आहे, असे त्यांच्या गाण्याकडे पाहून वाटे.

शांताबाईंचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे १९३७ सालच्या ‘कुंकू’ मधील नीरा. विवाहित हिंदू स्त्री कपाळाला कुंकू लावते. नवरा हयात असल्याची ती खूण असते. म्हणून चित्रपटाला हे नाव. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. नीरा ही मामाच्या घरी वाढलेली पोरकी मुलगी. फसवून तिचे लग्न एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून दिले जाते. त्या काळी महाराष्ट्रात असे विवाह होत असत. मुलीने रडावे आणि नशीब म्हणून सोसावे, एवढेच तिच्या हाती असे. नीरा तसे करत नाही. ती त्या म्हाताऱ्याला नवरा मानायला साफ नकार देते. वाईट नजरेने जवळ येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने झोडपते. घर सोडून ती पळून जात नाही. ती तिथेच राहते, पण आपला अन्याय कोणाला विसरू देत नाही. शेवटी वकिलालाच आपली चूक उमगते.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. या चित्रपटात प्रसंगामागे वाजणारे संगीत जवळजवळ नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, रस्त्यावरची हाक, असे प्रसंगातलेच आवाज ऐकू येतात. म्हणजे नटीला वाद्यांचा आधार नाही. राग आणि दुःख दोन्ही तिने स्वतःच्या बळावर दाखवायचे. शिवाय हा चित्रपट दोन भाषांत निघाला. हिंदीत त्याचे नाव ‘दुनिया ना माने’. त्याचे हिंदुस्तानी संवाद मुन्शी अझीज यांनी लिहिले होते. एकच प्रसंग आधी एका भाषेत आणि मग दुसऱ्या भाषेत करायचा, तोच राग पुन्हा आणायचा, तेच अश्रू पुन्हा आणायचे! तुम्हांला मराठीतले ळ आणि ण जड जातात ना? मराठी घरात वाढलेल्या मुलीला ‘काफ’ आणि ‘खे’ यांचे उच्चार असेच घोकावे लागत असतील. एका प्रसंगात तर त्यांनी लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविताही गायली आहे.

या चित्रपटाने शांताबाईंचे नाव देशभर झाले. पण नाव झाले म्हणून त्या स्वतःच्या मालक झाल्या, असे नव्हे. त्या काळातली चित्रपट कंपनी एखाद्या कारखान्यासारखी असे. सुतार, शिंपी, रंगारी, छायाचित्रकार, वादक, नट, नटी, सगळे तिथे महिन्याच्या पगारावर असत. नटाशी काही वर्षांचा करार होई. त्या मुदतीत त्याला बाहेर काम करता येत नसे. चित्रपट कितीही चालला, तरी पगार तोच. करार, मालक, मजूर हे शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत. मराठीने ते तुमच्याच बाजूने घेतले आहेत. पगार हा शब्द मात्र पोर्तुगिजांकडून आला!

करार आणि पगार यांवरूनच शांताबाईंचे आणि प्रभातचे बिनसले. प्रभातची बाजू अगदीच चुकीची होती, असे मला वाटत नाही. कंपनी नव्या मुलामुलींना घडवी, त्यांना नाव मिळवून देई. आणि शिस्त नसेल तर एवढा मोठा कारखाना चालणार कसा? पण शिस्त मोडली तर मालक पगार कापू शकतो; मालकाने अन्याय केला तर नटीने काय करायचे? कोर्टात जायला पैसा आणि वेळ लागतो. दुसरीकडे काम करायला करार आड येतो.

जुलै १९३९ मध्ये शांताबाई प्रभातच्या फाटकावर गेल्या आणि तिथेच त्यांनी उपोषण सुरू केले. उपोषण म्हणजे रोजा नव्हे. रोजा ही इबादत आहे. उपोषणात माणूस आपले गाऱ्हाणे जगापुढे मांडण्यासाठी अन्न सोडतो. त्याच वर्षी मार्च महिन्यात गांधीजींनी राजकोटला उपोषण केले होते. गिरण्यांतील मजूर संप करत, हेही लोकांना ठाऊक होते. परंतु जिची छबी पाहायला लोक रांगा लावतात, अशी नटी फाटकावर उपाशी बसलेली कोणी पाहिली नव्हती. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. काहींनी याला हट्ट म्हटले, काहींनी तमाशा. पण पडद्यावरच्या नीराने आणि फाटकावरच्या शांताबाईंनी एकच केले, असे मला वाटते. दोघीही पळून गेल्या नाहीत. जिथे अन्याय झाला, तिथेच त्या बसून राहिल्या.

उपोषण सुटले आणि त्यांचा प्रभातशी संबंधही संपला. पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ प्रसिद्ध झाले. हे त्यांचे आत्मचरित्र नव्हे. आपण किती मोठ्या, आपल्याला कोण कोण भेटले, असे त्यात सांगितलेले नाही. सिनेमाची स्वप्ने पाहणाऱ्या तरुण मुलामुलींसाठी ते लिहिले आहे, आणि ते एखाद्या कामगाराने लिहावे तसे लिहिले आहे. पडद्यावरची चमक सर्वांना दिसते. तिच्यामागचा थकवा दिसत नाही, हे त्यांना सांगायचे होते. नटाचे शरीर हेच त्याचे हत्यार आणि तेच त्याचे भांडवल. कडक दिव्यांखाली ते तासन्‌तास उभे राहते, पुन्हा पुन्हा तेच करते, झिजते. यंत्राला तेल मिळते. माणसाला विश्रांती हवी, योग्य मोबदला हवा, मान हवा. कीर्ती पगाराच्या जागी चालत नाही. पैसा लावणाऱ्याच्या हाती सगळी सत्ता आणि काम करणाऱ्याच्या हाती काहीच नाही, हे शांताबाईंना मान्य नव्हते. तरीही त्यांनी सिनेमाला वाईट ठरवले नाही. अभिनय त्यांना प्रिय होता. म्हणून तर तो स्वस्तात विकायला त्या तयार नव्हत्या.

त्यानंतर त्या एका कंपनीच्या बांधील राहिल्या नाहीत. ‘सावित्री’ (१९४१) या तमिळ चित्रपटासाठी त्या तमिळ शिकल्या. त्यात थोर गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी नारदाचे काम केले होते. लाहोरच्या पांचोलींच्या ‘जमीनदार’ (१९४२) मध्ये त्या नायिका होत्या. त्याचे संगीत गुलाम हैदर यांचे. ‘दुहाई’ (१९४३) मध्ये त्यांच्यासोबत नूरजहाँ होत्या. ‘सुभद्रा’ (१९४६) मध्ये त्यांच्याबरोबर एक नवी मुलगी गायली. तिचे नाव लता मंगेशकर. थोड्याच वर्षांत लताबाईंसारख्या गायिका पडद्यामागून गाऊ लागल्या आणि गाणाऱ्या नटीची गरज कमी होत गेली. पन्नासच्या दशकात शांताबाईंची कामे कमी झाली. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत अंधेरी येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या पन्नाशीच्याही झालेल्या नव्हत्या. मराठी रंगभूमीवर गाजलेल्या नयना आपटे या त्यांच्या कन्या.

प्रभात कंपनी १९५३ साली बंद पडली. पुण्यात तिच्याच जागेवर १९६० साली सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढली. २०१५ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी आपल्या मागण्यांसाठी १३९ दिवस संप केला. त्यांतले काही जण, शांताबाईंनी केले होते तसेच, तिथे उपोषणालाही बसले होते.