श्री सावतोबांचा मळा

सज्जनहो, आषाढ आला की आम्हांस एक प्रश्न हमखास ऐकू येतो. कीर्तन आटोपते, आरती फिरते, आणि एखादी शेतकरीण माउली हळूच पुढे येऊन विचारते, की मळ्यात भाजी उभी आहे, मागे पाहणारे कोणी नाही, यंदा वारी चुकली. देव रागावेल का? अशा वेळी आम्ही शास्त्रार्थ करीत बसत नाही. श्री सावता महाराजांचे चरित्र सांगतो.

सोलापूर जिल्ह्यात, माढे तालुक्यात, मोडनिंबाजवळ अरण हे गाव आहे. महाराजांचे घराणे मूळचे औशाचे. आजोबा दैवू माळी इकडे येऊन राहिले. वडील परसोबा, आई नांगिताबाई. शके ११७२, म्हणजे इ. स. १२५० हा जन्मकाळ परंपरेने मानला आहे. पत्नी जनाबाई जवळच्या भेंड गावची. घरात पंढरीची वारी वडिलोपार्जित, आणि पंढरी तरी कुठे लांब? तरीही सावतोबा मळा सोडून पंढरीस गेले नाहीत, असेच सर्व सांगत आले आहेत.

आता मळा म्हणजे काय, ते ज्याने केला त्यालाच ठाऊक. विहिरीचे पाणी काढावे, पाट धरावा, एकेक वाफा भरला की बारे मोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवावे. रोप लावावे, तण खुरपावे, पाखरे राखावी. एक पाळी चुकली की रोप मान टाकते. कोथिंबीर वेळेवर उपटली नाही तर ती फुलावर जाते. फूल सकाळी तोडले नाही तर उन्हाने कोमेजते. असा हा रोजचा बांधील धंदा! सावतोबांनी त्यालाच पूजा केले. त्यांचे ३७ अभंग आज मिळतात. ते काशिबा गुरवांनी लिहून ठेवले, असे सांगतात.

त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध अभंगात भाज्यांबरोबर मिरचीचेही नाव येते. एका विद्वान श्रोत्याने आम्हांस यावरून अडवले होते. त्याचे म्हणणे खरे होते, बरं का! मिरची आपल्या देशात पोर्तुगीजांच्या काळी, सोळाव्या शतकात आली. तेव्हा तो शब्द मागाहून कोणा गाणाऱ्याच्या मुखाने आत शिरला असावा. आम्हांला त्यात उणेपणा वाटत नाही. मळ्यात नवे पीक आले, तेही लोकांनी सावतोबांच्या देवाला वाहिले.

कथा सर्वांना माहीत आहे. देव नामदेवरायांबरोबर वाटेने जात असता लपावयास म्हणून मळ्यात शिरले. सावतोबांनी खुरप्याने आपले उदर चिरून देवाला आत जागा दिली. नामदेव शोधून शोधून रडकुंडीस आले. आम्ही कीर्तनात हा प्रसंग रंगवतो, पण त्याआधीचे खुरपणे मात्र सांगावयास विसरतो. अहो, ते खुरपे हाती होते ते तण काढण्यासाठी! देव आला तेव्हा भक्त कामावर सापडला.

मात्र एक ऐकून ठेवा. घरात स्वस्थ बसून वारी चुकवणारेही सावतोबांचेच नाव पुढे करतात. त्यांना हा आधार नाही. ज्याच्या वाफ्यात तण माजले आहे आणि मुखात नाम नाही, त्याने पंढरीचीच वाट धरावी हे बरे.

शके १२१७, इ. स. १२९५ मध्ये आषाढ वद्य चतुर्दशीस महाराजांनी देह ठेवला. वय अवघे पंचेचाळीस. समाधी अरणातच आहे. इतर संतांच्या पालख्या पंढरीस जातात. सावतोबांची जात नाही. पांडुरंगाचीच पालखी पंढरीहून अरणास येते.

त्या माउलीला आम्ही एवढेच सांगतो, की बाई, पाणी सोडताना नाम सोडू नकोस, आणि भाजी काढशील तेव्हा पहिली जुडी दारी आलेल्याला दे.