पियानोवादिका क्लारा शुमन

संगीताच्या पुस्तकांत क्लाराबाईंचे नाव बहुधा पतीच्या पाठोपाठ येते. मला त्यांच्याविषयी वेगळे लिहावेसे वाटले.

जन्म 1819 चा, जर्मनीतील लाइपझिगचा. आईवडील विभक्त झाले. तिथल्या कायद्याने मूल बापाचे. म्हणून पाच वर्षांची क्लारा वडिलांकडे राहिली. ते पियानोचे नामांकित शिक्षक. नवव्या वर्षीच त्यांनी तिला श्रोत्यांपुढे बसविले. पुढे तिने संगीतकार रॉबर्ट शुमन यांच्याशी लग्न ठरविले, तेव्हा तेच वडील आडवे आले. प्रकरण कोर्टात गेले आणि एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, 1840 मध्ये, लग्न लागले.

आठ मुले झाली. यजमान रचना करायला बसले की क्लाराबाईंचा पियानो बंद! (हे वाचून पुष्कळजणी हसतील.) 1854 मध्ये रॉबर्टनी ऱ्हाईन नदीत उडी घेतली. वाचले, पण मनोरुग्णालयात गेले. क्लाराबाईंना भेट मिळाली ती दोन वर्षांनी, मृत्यूच्या दोन दिवस आधी.

पदरी सात मुले. स्नेह्यांनी पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. गावोगाव मैफली केल्या, इंग्लंडलाही वारंवार गेल्या, पतीच्या रचना लोकांपुढे नेल्या. समोर कागद न ठेवता वाजविण्याची रीत रुजविणाऱ्यांत त्या अग्रभागी होत्या. स्वतःच्या रचना मात्र वैधव्यात जवळजवळ थांबल्या. मला हळहळ वाटते ती याची.

1878 पासून त्यांनी फ्रँकफुर्टला शिकविले. मुलगा फर्डिनांड आजारी पडला, तेव्हा नातवंडेही त्यांनीच सांभाळली. शेवटची जाहीर मैफल झाली 1891 मध्ये. 1896 मध्ये त्या वारल्या.