निवेदितांच्या हातात काय द्यायचं?

होस्टेलच्या कुठल्याही खोलीत डोकावून बघा. टेबलावर ड्राफ्टर, अर्धवट राहिलेली जर्नल्स, चहाचा कप आणि या पसाऱ्यात हाताची घडी घालून उभे असलेले वीतभर उंचीचे स्वामी विवेकानंद! परीक्षा जवळ आली की त्यांच्यावरची धूळसुद्धा पुसली जाते.

अशा छोट्या मूर्ती जमवण्याची हौस फक्त आपल्यालाच आहे असं नाही. आयर्लंडमध्ये दंतकथेतला वीर कुखुलिन, राजा ब्रायन बोरू, समुद्र गाजवणारी ग्रेस ओमॅली, लेखक ऑस्कर वाइल्ड आणि जेम्स जॉइस अशा मंडळींच्या मूर्ती लोक हौसेने शोकेसमध्ये मांडतात. योद्ध्याच्या हातात तलवार, लेखकाच्या हातात पुस्तक. बघताक्षणी ओळख पटली पाहिजे ना!

त्याच आयर्लंडची एक मुलगी आपल्या नागपूरला येऊन गेली. तिची मूर्ती करायची ठरवली, तर मूर्तिकाराला विचारावं लागेल, हातात काय द्यायचं? तिचं आयुष्य बघा आणि तुम्हीच ठरवा.

मार्गारेट एलिझाबेथ नोबल. जन्म २८ ऑक्टोबर १८६७, आयर्लंडमधलं डंगॅनन गाव. वडील धर्मोपदेशक होते. मार्गारेट दहा वर्षांची असताना ते वारले. आजोळी आयर्लंडच्या स्वातंत्र्याचे वारे होते, त्यामुळे परक्या सत्तेखालचा देश म्हणजे काय हे तिला घरातच कळलं. सतराव्या वर्षी ती शिक्षिका झाली. आपण त्या वयात एंट्रन्सचे क्लास करत होतो! पुढे लंडनजवळ विम्बल्डनला तिने स्वतःची शाळा काढली. मुलांना घोकंपट्टी न करायला लावता खेळातून शिकवायचं, असा तिचा प्रयोग होता. म्हणजे हातात खडू द्यायला हरकत नाही.

१८९५ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला तिने विवेकानंदांना ऐकलं. लगेच पटलं असं मुळीच नाही. ती प्रश्न विचारत राहिली, वाद घालत राहिली. शेवटी २८ जानेवारी १८९८ ला ती कलकत्त्याला उतरली आणि २५ मार्चला स्वामीजींनी तिला दीक्षा देऊन निवेदिता हे नाव दिलं. त्याच वर्षी बागबाजारच्या गल्लीत निवेदितांची मुलींची शाळा सुरू झाली. मुलींना शाळेत धाडायलाच लोक तयार नव्हते, म्हणून त्या घरोघरी फिरून मुली गोळा करत.

१८९९ साली कलकत्त्यात प्लेग पसरला. माणसं पुरेनात, तेव्हा निवेदितांनी स्वतः गल्ली झाडायला घेतली. एक गोरी बाई आपला रस्ता झाडते आहे हे बघून मोहल्ल्यातली पोरं ओशाळली आणि मदतीला आली. आता हातात झाडू द्यायचा का?

४ जुलै १९०२ ला विवेकानंद गेले. संन्याशांच्या संघाने राजकारणापासून लांब राहायचं हा नियम होता, आणि निवेदितांना तर देशाच्या स्वातंत्र्यासाठी बोलायचं होतं. काही दिवसांतच त्या संघातून औपचारिकपणे बाहेर पडल्या. ज्या कामासाठी घरदार, देश सोडला, त्याच संस्थेचा आधार सोडणं किती जड गेलं असेल, विचार करा.

त्यानंतर त्या व्याख्यानांच्या दौऱ्यावर निघाल्या आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला आल्या. दसऱ्याचे दिवस. मॉरिस कॉलेजच्या, म्हणजे आताच्या वसंतराव नाईक संस्थेच्या, विद्यार्थ्यांनी त्यांना क्रिकेटच्या बक्षीस समारंभाला बोलावलं. बाईंनी कौतुक करायचं सोडून चांगलंच फैलावर घेतलं! शस्त्रपूजेच्या सणाला, भोसल्यांच्या राजधानीत, तुम्हाला साहेबाचाच खेळ आठवला का, असा त्यांचा सवाल होता. मग त्यांना कुस्ती आणि तलवारबाजीचे खेळ करून दाखवण्यात आले, असं त्यांच्या चरित्रात आहे. क्रिकेटवेड्या आपल्या होस्टेलला हे पटणार नाही, मलाही पूर्ण पटत नाही. पण त्यांचा राग क्रिकेटवर नसून नकलेवर होता, असं मला वाटतं. मग काय, हातात तलवार?

इंजिनिअरिंगवाल्यांनी मात्र पुढचं नीट वाचावं. जगदीशचंद्र बोस विद्युतलहरींवर आणि नंतर वनस्पतींवर संशोधन करत होते. तेव्हा परदेशात त्यांचे निष्कर्ष मानायला अनेक शास्त्रज्ञ तयार नव्हते. निवेदितांनी त्यांच्या पुस्तकांचं इंग्रजी तपासलं, मजकूर सुधारला आणि पैशाची सोय व्हावी म्हणून ओळखीच्यांना पत्रं लिहिली. बोस पेटंटच्या विरुद्ध होते. निवेदिता आणि त्यांची अमेरिकन मैत्रीण सारा बुल यांच्या आग्रहामुळे अर्ज झाला आणि १९०४ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं. सेमीकंडक्टर आपण अभ्यासतो, त्याच घराण्यातला हा गॅलिनाचा डिटेक्टर. पुस्तकांवर नाव मात्र एकट्या बोसांचं. निवेदितांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

आपल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला एक इंग्रज चित्रकर्ती, लेडी हेरिंगहॅम, आली, तेव्हा नंदलाल बोससारख्या तरुण चित्रकारांना तिकडे जायला लावणाऱ्याही निवेदिताच.

१३ ऑक्टोबर १९११ ला दार्जिलिंगला त्यांचं निधन झालं. वय फक्त ४३. शेवटी बोस पती-पत्नी जवळ होते. सहा वर्षांनी, १९१७ मध्ये, बोसांनी कलकत्त्यात आपली विज्ञानसंस्था उभारली. तिच्या आवारात हातात दिवा घेऊन पुढे चाललेल्या एका स्त्रीचं उठावशिल्प आहे. ती निवेदितांची आठवण.

म्हणजे खडू, झाडू, तलवार, लेखणी एवढं सगळं समोर असताना, ज्याने त्यांना जवळून पाहिलं त्याने दिवा निवडला. मला ते पटतं. दिव्याकडे कोणी टक लावून बघत नाही, त्याच्या उजेडात दुसरंच काही वाचतात.

धंतोलीत १९२८ पासून रामकृष्ण मठ आहे. कधी तिथे गेलात तर टेबलावरच्या विवेकानंदांबरोबर त्यांच्या या आयरिश शिष्येचंही एखादं पुस्तक घेऊन या. आणि फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टवर चौघांची नावं छापताना, रात्रभर जागून तुमचं स्पेलिंग तपासणारा पाचवा कोण होता, तेही एकदा आठवा. त्याची मूर्ती कुणी करणार नाही. निदान आभाराच्या पानावर त्याचं नाव तरी येऊ द्या!