आगरकर : वाक्यमीमांसा आणि समाजमीमांसा

गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांची समाजसुधारक म्हणून ख्याती असली, तरी व्यवसायाने ते इतिहास व तर्कशास्त्र यांचे अध्यापक होते. कऱ्हाडजवळील टेंभू येथे एका दरिद्री कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करीत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. तेथे मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी त्यांच्या विचारांना कायमचे वळण दिले. न्यू इंग्लिश स्कूल, ‘केसरी’चे संपादन (१८८१–८७), डोंगरीच्या तुरुंगातील १०१ दिवस (१८८२) आणि फर्ग्युसन कॉलेजची स्थापना (१८८५) हे त्यांच्या आयुष्यातील पुढील टप्पे सुपरिचित आहेत.

१८८८ साली ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी ‘सुधारक’ काढले. या दोहोंत आंतरिक नाते आहे. ज्याविषयी बोलावयाचे ते उद्देश्य व त्याविषयी जे सांगावयाचे ते विधेय. यांच्या संबंधापाशीच व्याकरण आणि तर्कशास्त्र एकमेकांस भिडतात. विधानांच्या योग्य जुळणीतून अनुमान निघते. परंतु अनुमानाची रचना निर्दोष असूनही त्याचे आधारविधान असत्य असू शकते.

बालविवाहाच्या वादाला हाच भेद लावून पाहता येतो. शास्त्रात सांगितलेले आचरावे. बालविवाह शास्त्रात सांगितला आहे. म्हणून तो आचरावा, असे सनातनी युक्तिवादाचे स्वरूप होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्रवचनांचा अर्थ लावून यातील दुसऱ्या विधानास हरकत घेतली. आगरकरांनी पहिलेच विधान नाकारले. आचाराची ग्राह्यता बुद्धी व अनुभव यांनीच ठरली पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. संमतिवयाच्या कायद्यास (१८९१) त्यांनी दिलेला पाठिंबा याच भूमिकेतून आला होता.

या भूमिकेचे मोल त्यांना द्यावे लागले. टिळकांशी असलेला स्नेह दुरावला. विरोधकांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याने जर्जर झालेल्या आगरकरांचे १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, निधन झाले. अनुमानाच्या मुळाशी असलेले विधान तपासून पाहण्याची शिस्त त्यांनी मराठी निबंधाला लावली, आणि तर्कशास्त्राच्या या अध्यापकाचे ते स्थायी कार्य होय.